न दिसणारी भेग : जुन्या कार्बन सायकलची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पुढचं व्याख्यान सायकलवर कसं काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आमच्या घरी २००३ सालची एक कार्बनची रोड सायकल आहे. पुतण्या परदेशातून परत आला तेव्हा त्यानं २००६ मध्ये ती आम्हाला दिली, आणि पंधराएक वर्षं आम्ही ती पुण्यात, कात्रजच्या जुन्या घाटात भरपूर चालवली. आता वय सत्तरीच्या पुढं गेलं. गेल्या वर्षी नात म्हणाली, "आजोबा, नुसती उभीच असते ती. मला द्या ना." आम्ही लगेच "ने" म्हणणार होतो. पण सायकल कुरकुरत होती, आणि त्या कुरकुरीचा शोध घेताना आम्हाला तीन महिने लागले. त्या काळात जे वाचलं आणि जे खोललं, ते आज सांगणार आहोत. शेवटी थोडं तत्त्वज्ञान येईल, पण ते सायकलमधूनच येईल.

आधी हा कार्बन म्हणजे काय ते पाहू. आपल्या पिढीची सायकल लोखंडी, म्हणजे पोलादाची. पोलाद वितळवून त्याची नळी करतात. ती नळी सगळीकडून सारखीच. कार्बनची सायकल म्हणजे, सोप्या भाषेत, कापड आणि गोंद. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, आपल्या केसाच्या सुमारे दहावा हिस्सा. असे हजारो तंतू एकत्र करून पट्टे तयार करतात, ते इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवतात, एकावर एक थर वेगवेगळ्या दिशांना ठेवतात, आणि साच्यात दाबून तापवतात. तंतूच्या दिशेनं ताणलं तर पोलादाला लाजवील असा हा पदार्थ. पण दोन थरांच्या मध्ये काय असतं? फक्त राळ. पदार्थाची सगळी ताकद तंतूत आणि सगळी नाजूक बाजू थरांच्या मध्ये. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता इतिहास. कार्बनचा तंतू ही काही अवकाशयुगाची निर्मिती नव्हे. एडिसननं १८८० मध्ये विजेच्या दिव्यासाठी जपानी बांबूचा तंतू जाळून, म्हणजे हवेशिवाय भाजून, कार्बनचा केला. तो प्रकाश द्यायचा, पण ठिसूळ होता. पुढं टंगस्टन आलं आणि तो मागं पडला.

मग जवळजवळ ऐंशी वर्षांनी तीन ठिकाणी तीन माणसं या तंतूकडे परत आली. अमेरिकेत ओहायो राज्यात रॉजर बेकन यांना १९५८ मध्ये ग्रॅफाइटचे अतिशय मजबूत सूक्ष्म तंतू मिळाले. जपानमध्ये ओसाका इथं अकियो शिंदो यांनी १९६० च्या सुमारास पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा धागा केला. आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेत विल्यम वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ मध्ये तो धागा भाजताना आखडू न देता ताणून धरण्याची युक्ती काढली. त्यामुळं तंतूतले अणूंचे थर लांबीच्या दिशेनं लागले आणि ताकद एकदम वाढली. आजच्या बहुतेक कार्बन सायकली याच वाटेनं आलेल्या आहेत.

या पदार्थाचा पहिला मोठा धडा मात्र सायकलनं शिकवला नाही, विमानानं शिकवला. रोल्स-रॉइस कंपनीनं आरबी-२११ या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बनची करायचं ठरवलं. वजन कितीतरी वाचणार होतं. पण उडत्या इंजिनात पक्षी शिरतात, म्हणून पात्यांवर मुद्दाम पक्षी आदळवून पाहतात. १९७० मध्ये कार्बनची पाती त्या चाचणीत टिकली नाहीत. पुन्हा टायटॅनियमकडे वळावं लागलं. कंपनीचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. केवळ पात्यांनी कंपनी बुडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ताणाला पुरून उरणारा पदार्थ आडव्या फटक्याला तसा नसतो, हे तिथं सगळ्या जगासमोर आलं.

त्याच १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीनं कार्बन धाग्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. विमानवाले अजून बिचकत होते, मग माल घेणार कोण? खेळाडू! मासे पकडायचे गळ, गोल्फच्या काठ्या. काठी मोडली तर माणूस मरत नाही, हे त्यातलं मर्म. आणि खेळाच्याच दारातून हा पदार्थ सायकलीत आला.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यात एक्सॉन या तेलकंपनीनं 'ग्राफटेक' नावाची सायकल काढली. कार्बनच्या नळ्या, धातूचे सांधे, मध्ये गोंद. ऐंशीच्या दशकातल्या फ्रेंच सायकलीही अशाच. १९८६ मध्ये अमेरिकेचा ग्रेग लेमाँड टूर द फ्रान्स जिंकला, युरोपाबाहेरचा पहिला विजेता. त्याची 'लूक' सायकल कार्बनच्या नळ्या अॅल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेली होती. कार्बन फ्रेमवर जिंकलेली ती पहिली टूर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 'केस्ट्रेल ४०००' आली. तिच्या फ्रेमला धातूचे सांधेच नव्हते, सगळी फ्रेम साच्यातून काढलेली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या ट्रेक कंपनीनं आपल्या पद्धतीला 'ओसीएलव्ही' नाव दिलं. त्याचा अर्थ, थर घट्ट दाबलेले आणि आत पोकळ्या कमी. नाव जरा नीट ऐका. ज्या गुणाची जाहिरात करायची, तो गुण डोळ्यांना दिसतच नाही. भिंतीच्या आत बुडबुडा आहे की नाही, हे गिऱ्हाईक कसं पाहणार? त्यानं विश्वास ठेवायचा.

या विश्वासाची खरी परीक्षा उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवर झाली. पॅरिस-रुबे ही शर्यत माहीत असेल. ओबडधोबड दगडांचे पट्टे, हाडं खिळखिळी करणारे. कार्बन तिथं टिकणार नाही असं बरेच जण धरून चालले होते. कोल्नागो या इटालियन कारागिरानं आपल्या कारखान्याच्या चाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये, 'सी ४०' ही कार्बन फ्रेम काढली, आणि १९९५ मध्ये फ्रँको बालेरिनी त्याच सायकलीवर रुबे जिंकला. त्यानंतर वाद जवळजवळ संपला. २००० सालापासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं. हलकेपणाची स्पर्धा इतकी पुढं गेली होती, की तिला नियमानं थांबवावं लागलं.

आमची २००३ ची सायकल या सगळ्या गोष्टीच्या शेवटी उभी आहे. म्हणजे पदार्थ चाळीस वर्षांचा अनुभवी, पण वापरणारे आपण नवशिके. आपल्या हातांच्या सवयी पोलादाच्या.

पोलादाची सवय कशी असते? पोलाद बोलतं. गंज दिसतो. दांडी वाकली तर डोळ्यांना कळते. मोडायच्या आधी ते बऱ्याचदा वाकून दाखवतं. कार्बन रोजच्या धक्क्यांना थकत नाही, त्या बाबतीत तो अॅल्युमिनियमपेक्षा उजवा. पण आडवा मार बसला, किंवा पट्ट्यात जास्त आवळला गेला, तर आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहू शकतो. मग एक दिवस तो वाकत नाही, तुटतो.

आता आमची कुरकुर. घाट चढताना प्रत्येक पायडलला 'कुर्र, कुर्र'. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, बीबी गेली." बीबी म्हणजे पायडलच्या आसाची बेअरिंग. नवी बसवली, पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुर्र.

तेव्हा आम्हाला आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवलेलं न्यायशास्त्र आठवलं. अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथं कार्य असतं, कारण काढलं की कार्य जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा दुकानी अर्थ. बसून पायडल मारलं, कुरकुर. उभं राहून मारलं, शांत. बसून पायडल न मारता नुसतं अंग हलवलं, तरी कुरकुर. म्हणजे दोष पायडलपाशी नव्हताच, सीटपाशी होता. दुसरी सीट लावली, एकदम शांत. सीटच्या खालच्या दोन सळया जिथं चिमटीत धरतात ती जागा कोरडी पडून धुळीनं भरली होती. पुसली, थोडं ग्रीस लावलं, आपली सीट परत बसवली. कुरकुर गेली. खर्च शून्य. बीबीचे पैसे गेले ते गेले. फ्रेम पोकळ असते, ती तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी आवाज पसरवते. आवाज एका जागी होतो आणि कानाला दुसरीकडून येतो. जुन्या कार्बन सायकलवाल्यांनी हे पहिलं ध्यानात ठेवावं.

आम्ही इथंच थांबलो असतो. आवाज गेला, सायकल बरी झाली, नातीला दिली. पण नात आमच्याहून उंच. सीट वर घ्यायची होती, आणि सीटची नळी जागची हलेना.

कारण कळलं तेव्हा मौज वाटली आणि धास्तीही. सीटची नळी अॅल्युमिनियमची, फ्रेम कार्बनची. कार्बन वीज वाहून नेतो. दोन वेगळे वाहक आणि मध्ये घामाचं खारट पाणी, म्हणजे शाळेत केलेली बॅटरीच झाली. त्यात बळी जातो अॅल्युमिनियमचा. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि नळी आतल्या आत पाचरीसारखी बसते. पहिल्या पिढीच्या चिकटवलेल्या सायकलींचे सांधे याच कारणानं सुटायचे. पुढं दोन पदार्थांच्या मध्ये काचतंतूंचा थर घालून हा संपर्क तोडायला कारखाने शिकले.

दुकानातला मुलगा म्हणाला, "गरम करून काढू या सर, दोन मिनिटांचं काम." आम्ही नको म्हटलं. पोलादाला उष्णता मानवते, पण इथं थर धरून ठेवणारी राळ तापली की मऊ पडते. मग बीबी काढून सायकल उलटी टांगली, खालून नळीत गंज सोडवणारं तेल सोडलं, आणि रोज थोडं थोडं हातानं फिरवत राहिलो. नवव्या दिवशी नळी सुटली. पांढऱ्या भुकटीनं माखलेली.

एवढं खोललंच आहे, तर पुढचा चिमटाही, म्हणजे फोर्क, काढून पुसून घ्यावा असं ठरलं. आणि तिथं ते दिसलं. चिमट्याची एक नळी फ्रेमच्या डोक्यातून वर हँडलपर्यंत जाते. तिला हँडलचा स्टेम दोन बोल्टांनी आवळून धरतो. आमच्या सायकलीत ती नळीही कार्बनची. ज्या ठिकाणी वरचा बोल्ट आवळतो, बरोबर तिथं केसासारखी एक आडवी रेघ. कपड्यानं पुसली, गेली नाही. नख फिरवलं, अडकलं. पुढं तो चिमटा टाकून देण्याआधी तोंडाला फडकं बांधून, पाणी टाकत, करवतीनं तिथंच कापून पाहिला. आतले थर जुन्या वहीच्या पानांसारखे सुटले होते.

ती नळी उतारावर तुटली असती तर हँडल हातात आलं असतं, चाकाशी कसलाही संबंध नसलेलं. २००६ च्या पॅरिस-रुबेमध्ये जॉर्ज हिंकापी या अमेरिकन स्वाराची हीच नळी शर्यतीत तुटली आणि तो खांद्यावर आपटला. त्याची नळी तर अॅल्युमिनियमची होती, आणि त्याच दिवशी आधी एकदा त्याची सायकल पडली होती. म्हणजे दोष एकट्या कार्बनचा नाही. पहिल्या मारानंतर "दिसत तर काही नाही" म्हणून पुढं जाणं, हा खरा धोका.

मंडळी, जे कुरकुरत होतं ते निरुपद्रवी होतं, आणि जे जीव घेऊ शकलं असतं ते अगदी गप्प होतं. तीन महिने आम्ही आवाजामागं धावलो, आणि गप्प बसलेली भेग आम्हाला केवळ नातीच्या उंचीमुळं सापडली.

इथं कुमारिल भट्टांची आठवण येते. "टेबलावर घडा नाही" हे आपल्याला कसं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, न दिसणं हेही ज्ञानाचं एक साधन आहे, त्याला अनुपलब्धी म्हणतात. पण अट आहे, आणि अट फार महत्त्वाची. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. चाळीस वर्षं आम्ही हे विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि स्वतः मात्र सायकलीवर रंग चकचकीत पाहून "काही नाही" म्हणत राहिलो. स्टेमच्या आत झाकलेली नळी ही अंधारी खोलीच होती की!

मग करायचं काय? पहिलं, अंधारी खोली उघडायची. वर्षातून एकदा चिमटा, स्टेम, सीटची नळी काढायची, पुसायची, नख फिरवायचं. दुसरं, कान वापरायचा. माठ घेताना आपण बोटानं वाजवून घेतो ना? चांगला टणटणीत वाजतो, तडकलेला बद्द. कार्बनची नळी नाण्यानं हलके वाजवत जावं, एखाद्या जागी आवाज अचानक बद्द झाला तर शंका घ्यावी. ही अंतिम परीक्षा नव्हे. बद्द आवाजानं शंका पक्की होते, टणटणीत आवाजानं खात्री होत नाही. खात्रीच हवी तर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणारा जाणकार गाठावा. तिसरं, बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळू नयेत. जोर मोजणारा पाना मिळतो. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. आणि कार्बनच्या नळीच्या आत, स्टेमच्या पातळीला, आधार देणारा बूच असतो, तो जागेवर आहे ना ते पाहावं.

चौथी गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. जिथं डोळा पोचत नाही, तिथं इतिहास विचारायचा. फ्रेमच्या आत काय झालंय ते दिसत नाही, पण फ्रेमवर काय काय गुदरलंय ते सांगता येतं. ती कधी पडली, कुणी आवळली, गाडीच्या टपावर कशी बांधली, विमानातून कशी आली. हे शब्दप्रमाण, सांगणाऱ्याच्या शब्दावर मिळणारं ज्ञान. म्हणून जुनी कार्बन सायकल विकत घेताना तिच्या रंगापेक्षा तिच्या मालकाला नीट पाहा. पडझड लपवणारा मालक असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आणि हाच न्याय आम्हाला स्वतःलाही लावावा लागला. तो बोल्ट आवळला कुणी? दुकानातल्या मुलानं नाही. आम्ही. काही वर्षांपूर्वी हँडल जरा फिरल्यासारखं वाटलं, तेव्हा अॅलन की घेऊन, दात खाऊन, आम्हीच आवळला होता. लोखंडी सायकलच्या जमान्यात घट्ट म्हणजे सुरक्षित असं शिकलो होतो. पदार्थ बदलला, हात तोच राहिला.

चिमटा नवा घेतला, पोलादी नळीचा, थोडा जड. फ्रेम आम्ही ठेवली. तिचा सगळा इतिहास आम्हाला ठाऊक आहे, पहिल्या तीन वर्षांचा पुतण्याला खोदून खोदून विचारला, आणि खोलून, वाजवून पाहिली तेव्हा शंका घेण्यासारखं काही आढळलं नाही. ती कायम टिकेल असं आम्ही म्हणत नाही. दर वर्षी उघडायची, आणि ज्या दिवशी जोरात पडेल त्या दिवसापासून तपासल्याशिवाय चालवायची नाही, या अटीवर ती नातीला दिली.

सोबत एक वही दिली. साधी, दोनशे पानी. त्यात सायकलची तारीखवार नोंद ठेवायची. पहिली नोंद आम्हीच आमच्या अक्षरात केली. स्टेमचा वरचा बोल्ट अंदाजानं जास्त आवळला, चिमटा बाद झाला, चूक आजोबांची.

नातीनं ती वाचली, थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आजोबा, मी पडले तर ते पण लिहायचं?"

आम्ही म्हटलं, "ते तर आधी लिहायचं."

आता तुमचे प्रश्न घेऊ.